दादर मतदारसंघ कुठे गेला?

१. घर तिथेच, मतदारसंघ नवा

"आम्ही घर बदललेले नाही, मग आमचा मतदारसंघ कसा बदलला?" २००९ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी महाराष्ट्रात अनेकांना हा प्रश्न पडला होता. दादरला राहणाऱ्या माणसाने २००४ साली दादर मतदारसंघात मत दिले होते. पाच वर्षांनी पुन्हा मत द्यायला गेला, तेव्हा दादर नावाचा मतदारसंघच उरला नव्हता. परळ, नायगाव, माझगाव, खेतवाडी, उमरखाडी, नागपाडा, चिंचपोकळी, माटुंगा, ऑपेरा हाऊस हीही नावे यादीतून गेली होती आणि भायखळा, वडाळा, सायन कोळीवाडा अशी नवी नावे आली होती. मुंबई शहर जिल्ह्यातल्या १७ जागांच्या १० झाल्या होत्या.

खाडीपलीकडे याच्या उलट घडले. ठाणे जिल्ह्याच्या १३ जागा एकदम २४ वर गेल्या. नालासोपारा, डोंबिवली, ऐरोली, मुंब्रा-कळवा हे मतदारसंघ तेव्हा जन्माला आले. विदर्भाच्या ६६ जागांच्या ६२ झाल्या. साताऱ्यात जावळी आणि खटाव, रत्नागिरीत खेड आणि संगमेश्वर, सिंधुदुर्गात मालवण, देवगड आणि वेंगुर्ला हे तालुके जागच्या जागी राहिले, पण त्यांच्या नावाचे मतदारसंघ संपले.

यातून मोठे नेतेही सुटले नाहीत. त्या वेळचे विरोधी पक्षनेते रामदास कदम खेडचे आमदार होते. खेड गेल्यावर ते गुहागरातून उभे राहिले आणि हरले. मालवणचे आमदार नारायण राणे यांनी कुडाळ गाठले आणि ते निवडून आले.

२. बरोबरीचा नियम

राज्यघटनेच्या १७० व्या कलमात या सगळ्याचे मूळ आहे. एका राज्यातल्या विधानसभेच्या सर्व मतदारसंघांत, जिथवर शक्य असेल तिथवर, दर जागेमागे सारखीच लोकसंख्या असावी, असे ते कलम सांगते. प्रत्येक जनगणनेनंतर जागांची वाटणी आणि सीमा नव्याने ठरवाव्यात, हेही त्यातच आहे. लोकसभेसाठी अशीच तरतूद ८२ व्या कलमात आहे.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण पुष्कळांची तिथेच गफलत होते. बरोबरी लोकसंख्येची धरतात, मतदारांची नव्हे. बालवाडीतले मूल मत देत नाही, पण मतदारसंघ आखताना तेही मोजले जाते. मतदारयादीत नाव नसलेला मजूरही मोजला जातो. आमदार मत देणाऱ्यांचा असतो तसा या सगळ्यांचाही असतो, हा त्यामागचा विचार आहे. म्हणूनच सीमा आखण्याच्या कामाला मतदारयादी पुरत नाही, जनगणना लागते.

आणखी एक गोष्ट वेगळी ठेवू. महापालिकेची प्रभागरचना किंवा जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गण हा निराळा विषय आहे, त्याचे कायदेही निराळे आहेत. या प्रकरणात आपण फक्त विधानसभेचे बोलत आहोत.

३. साधा भागाकार

२००९ पासून आपण ज्या सीमांवर मतदान करतो, त्या २००१ च्या जनगणनेवर आखलेल्या आहेत. त्या वर्षी महाराष्ट्राची लोकसंख्या ९,६८,७८,६२७ होती. विधानसभेच्या जागा २८८. भागाकार केला की दर जागेला ३,३६,३८४ माणसे येतात. हा आकडा हाताशी ठेवा. पुढचे बहुतेक सगळे त्याच्यावरच चालते.

आता जिल्हे घेऊ. सातारा जिल्ह्याची लोकसंख्या २८,०८,९९४ होती. तिला ३,३६,३८४ ने भागले की ८.३५ येतात, म्हणजे ८ जागा. आधी तिथे १० होत्या. रत्नागिरीत १६,९६,७७७ माणसे होती, भागाकार ५.०४, म्हणून ७ च्या ५ झाल्या. ठाणे जिल्ह्यात ८१,३१,८४९ माणसे होती, भागाकार २४.१७. मुंबई शहराचा ९.९२ आला म्हणून १०, उपनगरांचा २५.६९ म्हणून २६.

जुनी वाटणी किती तिरकी झाली होती तेही याच आकड्यांतून दिसते. ठाण्याचे १३ आमदार होते तेव्हा एकेका आमदाराच्या वाट्याला सरासरी सव्वासहा लाख माणसे येत होती. मुंबई शहरात १७ आमदार होते आणि एकेकामागे दोन लाखांनाही थोडी कमीच. कल्याणच्या माणसाच्या मताचे वजन गिरगावकराच्या मताच्या तिसऱ्या हिश्श्याइतके उरले होते. ठाणे जिल्ह्यातली कितीतरी माणसे मुळात मुंबईचीच होती. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, चाळीतली खोली विकून कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, नालासोपाऱ्याला राहायला गेली. माणसे लोकलने पलीकडे गेली आणि त्यांच्या जागा मात्र वर्षानुवर्षे लालबाग-परळलाच राहिल्या. मला तरी हा मोठा अन्याय वाटतो, आणि तो कोणी ठरवून केलेला नव्हता म्हणून लहान ठरत नाही.

४. रेघ कशी ओढतात

जिल्ह्याला जागा मिळाल्या की खरे अवघड काम सुरू होते. साताऱ्याला ८ जागा मिळाल्या, पण त्या कशा पाडायच्या?

काही नियम ठरलेले असतात. विधानसभेचा मतदारसंघ जिल्ह्याची हद्द ओलांडत नाही. तो सलग असावा लागतो, इथे एक तुकडा आणि मधले गाव सोडून तिथे दुसरा, असे चालत नाही. लोकसंख्या सरासरीपेक्षा साधारण दहा टक्क्यांपर्यंत कमीजास्त चालते, म्हणजे ३,३६,३८४ च्या हिशेबाने सुमारे तीन लाख तीन हजारांपासून तीन लाख सत्तर हजारांपर्यंत. डोंगर-नद्या, प्रशासकीय हद्दी, येण्याजाण्याच्या सोयी आणि लोकांची सोय पाहावी, असेही परिसीमनाचा, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा आखण्याचा, कायदा सांगतो. तालुका शक्यतो फोडू नये, आणि फोडलाच तर महसुली हद्दींवर फोडावा.

तालुके मात्र तीन लाख छत्तीस हजारांच्या मापाचे नसतात. काही लहान पडतात, काही मोठे. म्हणून साताऱ्यात जावळी तालुका सातारा मतदारसंघाला जोडला गेला. खंडाळा आणि महाबळेश्वर वाईबरोबर आले. खटाव तालुक्याचे भाग पडले, वडूजचा पट्टा माणमध्ये गेला आणि पुसेगाव-खटावकडचा कोरेगावात. परिसीमनाचा आदेश उघडला की हे सगळे कोरड्या महसुली भाषेत दिसते. अमुक तालुका, पुढे 'भाग', मग महसूल मंडळाचे नाव, आणि मंडळही तुटले असेल तर तलाठ्याच्या सजांची नावे. शहरात सजांऐवजी वॉर्डांचे क्रमांक येतात. आपले गाव कोणत्या सजात येते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला आपला मतदारसंघ त्या आदेशात बोट ठेवून दाखवता येतो.

मतदारसंघांचे क्रमांकही असेच ठरतात. सुरुवात राज्याच्या वायव्य कोपऱ्यातून होते. क्रमांक १ नंदुरबारमधला अक्कलकुवा. तिथून खानदेशातून पूर्वेला विदर्भ, गडचिरोली-चंद्रपूरला वळून यवतमाळमार्गे मराठवाडा, मग नाशिक, ठाणे आणि मुंबई. १८७ व्या क्रमांकावर कुलाबा येतो. रायगड, पुणे, नगरवरून पुन्हा बीड-लातूरकडे जाऊन, सोलापूर, सातारा, कोकण, कोल्हापूर करत शेवटचा २८८ वा क्रमांक सांगलीतल्या जतला लागतो.

आपल्याकडे लोकसभेच्या ४८ जागा आहेत आणि ४८ गुणिले ६ म्हणजे बरोबर २८८. म्हणून लोकसभेच्या प्रत्येक मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ असतात. लोकसभेला मात्र जिल्ह्याची हद्द ओलांडता येते. त्यामुळे रायगडातले पनवेल, कर्जत आणि उरण हे मतदारसंघ बोरघाटावरच्या मावळ, पिंपरी आणि चिंचवडबरोबर एका खासदाराला मत देतात, आणि रत्नागिरीतले दापोली आणि गुहागर रायगडच्या खासदाराला.

बरोबरीच्या या नियमाला एका ठिकाणी मर्यादा पडते, ती अंतराची. गडचिरोली जिल्हा १४ हजार चौरस किलोमीटरांहून मोठा आहे आणि त्याच्या ३ जागा आहेत. एकट्या अहेरी मतदारसंघात अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा आणि मुलचेरा हे पाच तालुके येतात. दीडशे-पावणेदोनशे चौरस किलोमीटरांच्या मुंबई शहराला १० जागा आहेत. लोकसंख्येचा हिशेब बरोबरच आहे. पण भामरागडच्या माणसाला आमदाराला भेटायचे तर किती तास लागतात, ते या भागाकारात कुठे बसत नाही. कायद्यातल्या 'लोकांची सोय' या शब्दांना अशा जिल्ह्यांत अधिक वजन द्यायला हवे, असे माझे मत आहे.

५. रेघेने निकाल बदलतो

ही रेघ एवढी जपून का ओढायची? एक छोटे उदाहरण घेऊ. समजा नऊ गावे आहेत, सारख्याच वस्तीची. पाच गावे नांगराला मत देतात, चार कंदिलाला. तीन-तीन गावांचे तीन मतदारसंघ पाडायचे आहेत.

पहिली आखणी अशी: दोन मतदारसंघांत नांगराची दोन-दोन गावे आणि कंदिलाचे एक-एक, आणि तिसऱ्यात नांगराचे एक आणि कंदिलाची दोन. नांगराचे दोन आमदार, कंदिलाचा एक.

दुसरी आखणी: नांगराची तीन गावे एकाच मतदारसंघात. उरलेल्या दोन्ही मतदारसंघांत नांगराचे एक-एक गाव आणि कंदिलाची दोन-दोन. आता कंदिलाचे दोन आमदार आणि नांगराचा एक. एकाही माणसाने मत बदलले नाही. लोकसंख्याही तिन्ही ठिकाणी सारखीच आहे. तरी बहुमत फिरले.

म्हणून रेघ ओढणारा कोण, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. गावाकडे भावाभावांत शेताची वाटणी करताना ज्याने वाटे पाडायचे, त्याने आपला वाटा शेवटी उचलायचा, अशी रीत सांगतात. निवडणूक लढवणाऱ्यांच्याच हातात मतदारसंघांची आखणी दिली, तर वाटे पाडणाराच पहिला वाटा उचलणार. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत जनगणनेनंतर हे काम राज्याचे विधिमंडळच करते, आणि दर दहा वर्षांनी त्यावरून भांडणे पेटतात, प्रकरणे न्यायालयात जातात.

आपण हे काम स्वतंत्र परिसीमन आयोगाकडे दिले. आजवर १९५२, १९६३, १९७३ आणि २००२ असे चार मोठे आयोग झाले. २००२ च्या आयोगाचे अध्यक्ष होते सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग. त्यांच्या जोडीला निवडणूक आयोगाचा एक सदस्य आणि त्या त्या राज्याचे राज्य निवडणूक आयुक्त. प्रत्येक मोठ्या राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात. ते बोलू शकतात, पर्याय सुचवू शकतात, पण त्यांना मताचा अधिकार नाही आणि निर्णयावर त्यांची सही लागत नाही. त्यांचे वेगळे म्हणणे असेल तर ते आयोगाच्या प्रस्तावासोबत छापले जाते. आयोगाचा अंतिम आदेश लोकसभेपुढे आणि विधानसभेपुढे ठेवला जातो, पण सभागृहाला त्यात काही बदल करता येत नाही. ही व्यवस्था परिपूर्ण नाही, पण नांगर आणि कंदील दोघांनाही रेघेपासून हातभर लांब ठेवते. मला ती आपल्या लोकशाहीची एक फार चांगली निवड वाटते.

६. राखीव जागा कशा ठरतात

अनुसूचित जाती आणि जमातींच्या जागाही याच वेळी ठरतात, आणि हिशेब तोच. २००१ साली महाराष्ट्रात अनुसूचित जातींची लोकसंख्या १०.२ टक्के होती. २८८ च्या १०.२ टक्के म्हणजे २९ आणि थोडे वर. म्हणून १८ च्या २९ जागा झाल्या. जमातींचा हिशेब साडेपंचवीसच्या अगदी किंचित अलीकडे आला आणि २२ च्या २५ झाल्या.

जागा कुठे राखायच्या, याचे दोन निकष आहेत. जमातींसाठी, जिथे त्यांचे प्रमाण सर्वांत जास्त, ते मतदारसंघ. जातींसाठी, जिथे प्रमाण तुलनेने जास्त ते, पण सगळे एकाच भागात येऊ नयेत, राज्यभर पसरलेले असावेत. साताऱ्यात फलटण राखीव झाले ते याच निकषाने. तिथले आमदार रामराजे नाईक निंबाळकर पुढे विधान परिषदेत गेले.

पंचायतींत आरक्षण फिरत राहते, विधानसभेत पुढची पुनर्रचना होईपर्यंत जागचे हलत नाही. फलटणने २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा चार निवडणुका राखीव म्हणून पाहिल्या.

७. तीस वर्षे तेच आकडे

घटना दर जनगणनेनंतर पुनर्रचना करा म्हणते, मग १९७८ पासून २००४ पर्यंतच्या सात निवडणुका एकाच नकाशावर कशा झाल्या? १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांची वाटणी १९७१ च्या जनगणनेवर गोठवली. कुटुंबनियोजन मनावर घेणाऱ्या राज्यांची लोकसंख्या कमी वाढेल, आणि त्याबद्दल त्यांना लोकसभेतल्या जागा गमवाव्या लागू नयेत, हा हेतू होता. हेतू रास्त होता. पण राज्या-राज्यांमधली वाटणी गोठवताना राज्याच्या आतल्या सीमाही गोठल्या. उत्तर प्रदेश आणि केरळ यांच्यातला प्रश्न सोडवताना परळ आणि कल्याण यांच्यातली तफावत वाढत राहिली.

८४ व्या घटनादुरुस्तीने हा गुंता अर्धा सोडवला. राज्याच्या एकूण जागा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तेवढ्याच राहतील, पण आतल्या सीमा बदलता येतील, असे ठरले. त्यासाठी कोणती जनगणना धरायची ते २००३ च्या ८७ व्या दुरुस्तीने पक्के केले: २००१ ची. फेब्रुवारी २००८ मध्ये नवा नकाशा अमलात आला. आपल्या २८८ चा आकडा १९७८ पासून आजवर हललेला नाही, तो याच गोठवणुकीमुळे.

८. आजचा भागाकार

तोच हिशेब २०११ च्या जनगणनेवर करून पाहा. त्या आकड्यांवर महाराष्ट्रात पुनर्रचना झालेली नाही, पण माणसे कुठे गेली ते कळते. राज्याची लोकसंख्या ११,२३,७४,३३३, म्हणजे २८८ जागांसाठी सरासरी ३,९०,१८९. अविभाजित ठाणे जिल्ह्यात १,१०,६०,१४८ माणसे, म्हणजे २८ जागा. (२०१४ साली पालघर वेगळा झाला तेव्हा २४ पैकी ६ जागा तिकडे गेल्या.) पुणे २१ वरून २४ वर जाते. सिंधुदुर्ग ३ वरून २ वर येते आणि रत्नागिरी ५ वरून ४ वर. आठ तालुक्यांच्या सिंधुदुर्गाला दोनच आमदार, हे ऐकून कोकणातला माणूस अस्वस्थ होईल, आणि ते समजण्यासारखे आहे.

मुंबईचा आकडा जास्त चकित करणारा आहे. शहराची लोकसंख्या दहा वर्षांत चक्क घटली, १० च्या ८ जागा होतात. उपनगरांत मात्र सात लाखांहून अधिक माणसे वाढली, तरी २६ च्या २४ होतात. वाढूनही जागा कमी कशा? उपनगरे सुमारे ८ टक्क्यांनी वाढली आणि राज्य १६ टक्क्यांनी. जागा मिळते ती इतरांच्या तुलनेत. आपण किती वाढलो एवढेच पाहून भागत नाही.

आता २०२६ नंतरच्या पहिल्या, म्हणजे २०२७ च्या, जनगणनेचा संदर्भ दिनांक देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ ठरला आहे. विधानसभा आणि लोकसभेत महिलांना एक तृतीयांश जागा देणारी २०२३ ची १०६ वी घटनादुरुस्तीही जनगणना आणि त्यानंतरच्या पुनर्रचनेशीच जोडून केलेली आहे. म्हणजे पुढची रेघ ओढली जाईल तेव्हा सीमा, जाती-जमातींचे आरक्षण आणि महिलांच्या जागा असे तीन प्रश्न एकदम पुढ्यात असतील.

९. हरकत कधी आणि कशी

आयोगाचा आदेश निघाल्यावर न्यायालयात जाऊ, असे कोणाला वाटेल. ते दार जवळपास बंद आहे. घटनेचे ३२९ वे कलम तिथे आडवे येते, आणि १९६६ साली मेघराज कोठारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आयोगाच्या आदेशाला कायद्याचेच बळ आहे असे ठरवले. गुजरातमधल्या बारडोलीच्या आरक्षणाबाबत २०२४ साली आलेल्या निकालाने उघड मनमानी झाली असेल तर न्यायालय पाहू शकते एवढी फट ठेवली आहे.

म्हणून सामान्य माणसाची वेळ त्याआधीची. आयोग आपला प्रस्ताव राजपत्रात छापतो, हरकती आणि सूचनांसाठी तारीख देतो आणि जाहीर बैठका घेतो. त्या बैठकीला कोणीही जाऊ शकतो, त्यासाठी पक्षाचे पद लागत नाही. पण "आमचे गाव अमक्या मतदारसंघात घाला" एवढ्या एका ओळीच्या अर्जात बळ नसते. एक मंडळ इकडून तिकडे नेले की दोन्हीकडचे आकडे हलतात, आणि एखाद्या मतदारसंघाची संख्या दहा टक्क्यांच्या बाहेर जाते. ज्या अर्जात गाव किंवा सजा काढून त्याच्या बदल्यात कोणती गावे द्यायची तेही लिहिलेले असते, सलगता तुटत नाही हे दाखवलेले असते आणि बाजाराचे गाव, एसटीचा रस्ता, तालुक्याचे ठिकाण यांचा आधार दिलेला असतो, त्या अर्जाचा विचार करणे आयोगाला सोपे जाते. त्यासाठी लागणारी गावागणिक लोकसंख्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत छापलेली असते. आपल्या गावाचे महसूल मंडळ आणि सजा तलाठी कार्यालयात विचारता येतात.